पुडी फोडण्याआधी घमेल्यात बघ

बायो, काल रात्री तू पाठवलेला त्या पुडीचा फोटो मी चष्मा लावून, मोठा करकरून वाचला. पुढच्या बाजूला गुबगुबीत गुलाबी डुक्कर. मागच्या बाजूला 10 एन्झाइमांची नावं, आणि एकाच्याही पुढे आकडा नाही. खाली तुझा प्रश्न, ‘ताई, घेऊ का? एजंट म्हणतो वजन दीडपट वाढेल.’ फोनच केला असता, पण तुझ्या शेडात फोन उचललास की मागून पिलं अशी किंचाळतात की अर्धं बोलणं वाऱ्यावर जातं. म्हणून लिहितेय. चहा घेऊन बस.

दीडपटवाला मलाही भेटला होता गं. ही गोष्ट घरात बोलू नकोस, तुझ्या भावोजींना तिचा पूर्ण हिशेब अजून ठाऊक नाही. शेडचं आमचं दुसरं वर्ष होतं, माद्या 8. खाणं म्हणजे गोव्यातल्या दोन हॉटेलांचं उरलंसुरलं, भातगिरणीचा कोंडा आणि घाण्यावरची खोबऱ्याची पेंड. हॉटेलचं अन्न खळखळून उकळल्याशिवाय डुकरापुढे जाता कामा नये, हे मी पहिल्या दिवसापासून पाळत आलेय. 2020 मध्ये आसामात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला, तेव्हापासून तर जास्तच. त्या रोगाला औषध नाही. तर मागल्या पडवीत पिंप चुलीवर, त्यात ते सगळं रटरटतंय, आणि मी रोज पहाटे त्या उकळत्या खाण्यात एन्झाइमची चमचाभर पावडर टाकून बांबूने ढवळायचे. श्रद्धेने. तीन महिने.

एकदा पिलांना लोहाचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर आले होते. ते चुलीशी उभे राहून माझं बघत राहिले आणि म्हणाले, “वहिनी, हे तुम्ही शिजवताय?” मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं की एन्झाइम म्हणजे शेवटी प्रथिन, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. उकळत्या पाण्यात अंड्याचं जे होतं तेच याचं होतं. एकदा थिजलं की परत पातळ होत नाही आणि कामही करत नाही. तीन महिने मी डुकरांना महागडी उकडलेली अंडी चारत होते म्हण ना, तीही चमचाभर. एजंटाला विचारलं तर म्हणाला, मॅडम, तुम्ही सांगितलंच नाही शिजवता म्हणून. त्यानेही विचारलं नव्हतं.

म्हणून आधी सांगते, शिजवलेलं खाणं हाताला कोमट लागेपर्यंत थांब, मग पावडर. गोळीखाद्य विकत घेत असशील तर कारखान्यातच गोळी वाफेवर तापते, 80–85 अंशांपर्यंत सहज. म्हणून ‘आमच्या गोळीत एन्झाइम आहे’ असं कुणी म्हणालं, तर ते उष्णता सोसणारं आहे का, हे विचारायचं. लाजायचं नाही. पैसे आपले आहेत.

आता मूळ मुद्दा. डुकराला स्वतःचे पाचकरस भरपूर आहेत. मक्याचा स्टार्च, पेंडेतलं प्रथिन, तेल हे मोठं डुक्कर छान पचवतं. त्याला जे जमत नाही ते दोनच. एक म्हणजे तंतू, कोंड्या-टरफलांतला. तो मोडायचं एन्झाइम त्याच्या अंगात तयारच होत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू थोडाफार आंबवतात तेवढंच. आणि दुसरं म्हणजे फायटेट. दाण्यात फॉस्फरस ज्या कुलपात बंद असतो ते फायटेट. धान्यात आणि पेंडेत जो फॉस्फरस असतो, त्यातला साधारण दोन-तृतीयांश असा कुलुपबंद असतो, आणि भाताच्या कोंड्यात तर त्याहून जास्त. कागदावर बघितलंस तर कोंड्यात फॉस्फरस भरपूर, पण डुकराच्या पदरात थोडा, बाकी सगळा शेणात. शिवाय हे फायटेट जस्त, लोह, कॅल्शियम यांनाही धरून ठेवतं.

या कुलपाची किल्ली म्हणजे फायटेज. माझ्या मते आपल्यासारख्या लहान शेडवाल्यांनी घ्यावं असं एन्झाइम पहिल्यांदा हेच. बाकीच्यांचं नंतर बघू. ते बाजारात आलं 1991 मध्ये, नेदरलँड्समध्ये. तिथे डुकरं एवढी आणि जमीन एवढीशी, की शेणातून जाणारा फॉस्फरस पाण्यात उतरू लागला होता, सरकारने बंधनं आणली होती. म्हणजे बघ, वजन वाढवायला नव्हे तर ओढे वाचवायला काढलेली वस्तू ही. आपल्याकडे शेण काजूच्या नि माडाच्या बुंध्यात जातं, तेवढी चिंता नाही. आपला फायदा वेगळा आहे, आणि तो एजंट सांगत नाही, कारण त्यात त्याचं दुसरं पोतं कमी खपतं.

तो फायदा म्हणजे डीसीपी. डायकॅल्शियम फॉस्फेटचं ते पांढरं पोतं. तुझ्या घमेल्यात फॉस्फरसच्या नावाने सगळ्यात महाग तेच पडतं. फायटेजने दाण्यातला फॉस्फरस सुटला की तेवढं डीसीपी काढून घ्यायचं. काढलं नाहीस, नुसती पुडी वरून भुरभुरलीस, तर तुझ्या खिशात काही येत नाही. भाजीत आधीच मीठ आहे, वर आणखी घातल्यासारखं ते.

हिशेब करून दाखवते, वही घे. फायटेजची ताकद एफटीयूमध्ये मोजतात. नेहमीचं प्रमाण किलोभर खाद्याला 500 एफटीयू. तू आठवड्याला 200 किलोचा घाणा कालवतेस, म्हणजे एकूण 1,00,000. डब्यावर ग्रॅमला 5,000 एफटीयू लिहिलं असेल तर भागाकार कर, 20 ग्रॅम. बास, एवढंच. एवढ्याने साधारण 200 ग्रॅम फॉस्फरस सुटतो असं धरतात. डीसीपीत फॉस्फरस 18 टक्के, म्हणजे 200 किलोला किलोभर डीसीपी कमी. आता तुझ्या गावचा डीसीपीचा भाव आणि 20 ग्रॅम फायटेजची किंमत शेजारी शेजारी मांड. पुडी घ्यायची की नाही ते ती वहीच सांगेल. आणि म्हणूनच आकडा नसलेली पुडी घ्यायची नाही. ताकद किती ते माहीत नाही तर भागाकार कशाने करणार?

फक्त हे वाढत्या डुकरांपुरतं कर. दूध पाजणाऱ्या मादीच्या खाण्यातलं डीसीपी तू आपल्या मनाने कमी करायचं नाहीस, डॉक्टरांना विचारूनच. पिलं ओढून ओढून पितात, तिची हाडं झिजतात, आणि मग मागच्या पायांनी बसलेली मादी उठवायला चार माणसं लागतात. आणखी एक, चुनखडीची पावडर तू ओंजळीने घालतेस हे मी स्वतः बघितलंय. कॅल्शियम जास्त झालं की फायटेजचं काम मंदावतं. तीही तोलून घाल.

गव्हाचा भुसा स्वस्त मिळाला तर त्याला नाक मुरडू नकोस. त्यात फायटेज जन्मजात असतं, मक्यात जवळजवळ नाही. न तापवलेला भुसा कोमट पाण्यात काही तास भिजत ठेवलास तर ते तिथेच कामाला लागतं. आपल्या आज्या कोंडा भिजवून का घालायच्या, त्याचं कारण त्यांना कुठे ठाऊक होतं? पण घालायच्या.

तंतू मोडणाऱ्या एन्झाइमांचं म्हणशील, तर झायलनेज हे कोंड्या-भुशासाठी, बीटा-ग्लुकनेज हे जवासाठी, म्हणजे कुणी बिअरच्या कारखान्यातला ओला चोथा चारत असेल तर त्याच्या कामाचं. तुझं खाद्य मका आणि सोयापेंड एवढंच असतं तर मी तुला हे घेऊच दिलं नसतं. कोंबड्यांत याचा गुण ठळक दिसतो, डुकरांत कधी दिसतो, कधी नाही. उगाच खोटं का सांगू? पण माझ्यासारखी खोबऱ्याची पेंड घालत असशील तर मॅननेज नावाचं एक आहे. खोबऱ्याच्या पेंडेत मॅनन नावाचा तंतू भरपूर, त्यावर ते चालतं. मी घालते, पेंडेचं प्रमाण वाढवते त्या महिन्यांत. एरवी नाही.

आणि कच्चं सोयाबीन! तुझ्या नणदेच्या शेतातलं पोतंभर आलंय म्हणालीस ना, ते भरडून तसंच घालायचा विचार असेल तर तो सोड. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनाचं पचन अडवणारा पदार्थ असतो, तो नीट उष्णता दिल्यावरच जातो. ‘आमच्या पुडीत प्रथिन मोडणारं प्रोटीएज आहे, कच्चं चालेल’ असं कुणी म्हणालं तर हसून चहा पाज आणि पाठवून दे. बुरशी लागलेल्या मक्याचंही तेच. त्यावर पुडी नाही, तो मका फेकायचा.

पिलांच्या बाबतीत मात्र माझं मन थोडं मऊ आहे. पिलाच्या पोटात दूध पचवायचा रस जन्मतःच भरपूर असतो, दाणा पचवायचा हळूहळू वाढतो. आणि आपण दूध तोडतो त्या आठवड्यात आई जाते, जागा बदलते, खाणं बदलतं, पोट बावचळतं. तेव्हा थोडं एन्झाइम हात देऊ शकतं. पण हगवण लागली तर ते औषध नव्हे, हे लक्षात ठेव. आधी दूध तोडण्यापूर्वी पंधरा-वीस दिवस पिलांना मूठमूठ बारीक खाद्य चाखायला ठेव. पुडीपेक्षा मी त्या मुठीवर जास्त विश्वास ठेवते.

कालवायची रीत. वीस ग्रॅम पावडर 200 किलोच्या ढिगावर टाकून फावडं मारलंस तर एका डुकराला सगळी, बाकीच्यांना शून्य. आधी अर्धा किलो बारीक कोंड्यात हाताने चोळून घे. मग ते पाच किलोत, मग वीस किलोत, मग ढिगात. आणि नाकातोंडाला ओढणी नको, चांगला मास्क लाव. ही पावडर बारीक उडते, रोज रोज छातीत गेली की काहींना दम्यासारखा त्रास होतो. तुला तसंही पावसाळ्यात धाप लागते. डबा शेडच्या पत्र्याखाली ठेवू नकोस, उन्हाने तापतो. माझा घरात तांदळाच्या कणगीमागे, सावलीत असतो. आणि एक्स्पायरी बघूनच घे.

शेवटी, गुण आला का हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. डोळे आपल्या पैशाची बाजू घेतात. एका वयाची आठ पिलं निवड, चार-चारचे दोन कप्पे कर, एकाला पुडी, एकाला नाही, बाकी सगळं सारखं. महिनाभर. वजनकाटा नाही म्हणून अडू नकोस, शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि कानांच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले 69.3, झाले किलो. घेर 95 सेंटिमीटर आणि लांबी 1 मीटर भरली तर साधारण साडेबासष्ट किलो. टेप लावताना पुढ्यात खाणं ठेव, नाहीतर डुक्कर तुला चिखलातून फरफटवेल. माझी साडी गेलीय त्यात.

त्या एजंटाला आज काही कळवू नकोस. उद्या विचार, फायटेज ग्रॅमला किती एफटीयू, आणि उष्णतेचं काय. उत्तर आलं तर मला फोटो पाठव. नाही आलं तर रविवारी मी येतेच आहे, माझ्या डब्यातलं 20 ग्रॅम कागदात बांधून आणते. आणि येताना तुझा टेप पण, तो मागल्या खेपेपासून माझ्याकडेच राहिलाय.