आधी त्याने पाणी मागितले

वाचनासाठी : योहान ४:१-४२



शोमरोनी स्त्रीची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. तिच्या पाच नवऱ्यांविषयी येशूला ठाऊक होते, हे आपण नेहमी सांगतो. पण त्याआधी काय झाले? दुपारच्या उन्हात, वाटचालीने थकलेला येशू विहिरीपाशी बसला आणि त्याने तिच्याकडे पाणी मागितले. त्याच्याजवळ पोहराही नव्हता. यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, म्हणून तिला नवल वाटले. तिचे आयुष्य उघड होण्याआधी त्याची तहान तिच्यापुढे उघड झाली होती.

सेवाकार्यात हा क्रम सहज उलटा होतो. पवईहून आरेतील पाड्यांवर जाताना माझ्या पिशवीत अर्ज असतात. उत्पन्न किती, कर्ज किती, घरात आजारी कोण? आम्ही विचारतो, ते सांगतात. एकदा एक मावशी म्हणाल्या, "बाई, आमचं सगळं लिवलंस. तुझ्या घरी कोण कोण?" मी सांगितले, आई आहे, पण तिला आता माझे नाव आठवत नाही. मावशींनी हातातले काम बाजूला ठेवले आणि जवळ सरकून बसल्या. मग त्या जे बोलल्या, ते अर्जाच्या कोणत्याच रकान्यात बसणारे नव्हते. ते मी येथे लिहिणार नाही. ते त्यांचे आहे.

घरच्या नात्यांतही हेच खरे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तेव्हा धर्म बदलला नाही. काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिताना त्यांनी टिळकांचा तापट स्वभाव झाकला नाही, हाती आलेला पैसा वाटून टाकण्याची सवयही झाकली नाही. स्वतःचे सोवळे आणि रुसवेही तितक्याच मोकळेपणाने, हसत हसत सांगितले. त्यामुळे टिळक आपल्या मनात लहान झाले नाहीत, उलट जवळचे झाले. दोष पाहूनही टिकलेली माया त्या पुस्तकात पानोपानी भेटते.

अर्थात, सगळ्यांना सगळे सांगावे असे नाही. येशूनेही सर्वांवर भरवसा टाकला नाही (योहान २:२४). पण ज्यांच्या गरजा वाचून आपण देणगी देतो, त्यांना आपली एकही गरज ठाऊक नसेल, तर आपण दाते राहू. भाऊबहीण होणार नाही. स्तोत्र १३९ प्रमाणे देव आपले बसणे-उठणे जाणतो आणि तरी आपल्याला सोडत नाही. त्या आधारावर माणसासमोर उघडे होण्याचे धैर्य येते.

मननासाठी :
१. माझे कोणते दुःख मंडळीत एकालाही ठाऊक नाही? ते मी कोणाला सांगू शकेन?
२. ज्यांना मी मदत करते किंवा करतो, त्यांच्याकडे मी कधी काही मागितले आहे का?

प्रार्थना : प्रभू येशू, तू तहानलेला होतास आणि ते तू लपवले नाहीस. आम्हालाही मागायला शिकव. आमेन.