उन्हाळ्यात तंबू घेऊन मालवणला?

प्रश्न : आम्ही अकोल्याचे. मे महिन्यात मुलांना घेऊन तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर तंबूत राहायचा विचार आहे. तिथे पारा जेमतेम ३३-३४ असतो, म्हणजे आम्हाला सोपंच ना?

उत्तर : सोपं नाही. वऱ्हाडातलं ऊन कोरडं, त्यामुळे घाम उडतो आणि अंग निवतं. कोकणात हवा दमट, घाम अंगावरच राहतो. चव्वेचाळीस अंश सोसणारी माणसंही तिथे तेहतीसमध्ये गळून जातात, लहान मुलं तर लवकर. आपला कूलरही तिथे फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून माझा आग्रह डिसेंबर-जानेवारीचाच. नाताळच्या सुट्ट्या साधा.

अमरावती-मुंबई एक्स्प्रेसने मुंबई गाठा, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ. पुढे मालवण साधारण ३० किलोमीटर. तंबू दोन्ही बाजूंनी जाळीचा घ्या. ओल्या वाळूची रेघ दिसते तिथवर भरती येते, आणि अमावास्या-पौर्णिमेला ती आणखी वर चढते. तेव्हा मुक्काम बराच मागे ठेवा, जागामालकाला विचारून. माडाखाली मात्र नको, नारळ पडतात. वाळूत खुंट्या धरत नाहीत, वाळू भरलेल्या पिशव्या पुरून दोऱ्या बांधा.

देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे ओढ जबरदस्त असते, मुलांना पाण्यात अजिबात उतरवू नका. पोहायचंच असेल तर आधी गावातल्या मच्छीमारांना विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर नाहीच.