चहा आपला, बाकी तिथलं

अगं, तुमची सप्टेंबरातली स्पेनमधल्या नेर्हाची तिकिटं झाली हे तुझ्या आईकडून कळलं, आणि मागोमाग तुझा निरोप आला: "मावशी, तिथे सेंद्रिय काही मिळतं का? आणि चहाचं काय?" लेकीच्या नोकरीपायी त्याच किनाऱ्यावरच्या मालागात माझे तीन मुक्काम झाले, तेव्हा या दोन प्रश्नांपुरती मी अनुभवी आहे. किल्ले, चित्रं आणि नाच तुमचे तुम्ही बघा.

आधी चहा, कारण सकाळी डोळे उघडल्यावर पहिली अडचण तीच येणार.

तो देश कॉफीवाल्यांचा. मालागात तर कपात कॉफी किती नि दूध किती यावरून दहा नावं आहेत. नुसती काळी ती 'सोलो', निम्मी-निम्मी ती 'मिताद', दूध वाढत गेलं की 'सोम्ब्रा' म्हणजे सावली, आणि जवळजवळ दूधच असेल तर 'नुबे', म्हणजे ढग. दहावा प्रकार म्हणजे 'मला नकोच'. ज्या गावानं सगळी कल्पकता कॉफीवर उधळली, तिथे चहाच्या वाट्याला काय उरणार? 'ते कोन लेचे', म्हणजे दुधाचा चहा, मागितलास तर पुष्कळ ठिकाणी गरम दुधाचा कप येतो आणि त्यात चहाची पुडी सोडलेली असते. पाण्याचा थेंब नाही. दूध पिवळसर होतं, चहा होत नाही. म्हणून असं सांगायचं: 'उन ते नेग्रो कोन आग्वा, इ ला लेचे आपार्ते.' काळा चहा पाण्यात, दूध वेगळं. 'आपार्ते' हा शब्द विसरू नकोस, सगळी मदार त्याच्यावर आहे.

'ते रोखो' म्हणजे लाल चहा असं वाचून हुरळून जाऊ नकोस. तो चीनचा मुरवलेला पू-अर चहा, ओल्या मातीचा वास येतो त्याला. 'इन्फुसियोन' म्हणजे काढे: पुदिन्याच्या जातीचा 'पोलेओ मेन्ता', झोपेसाठी 'तिला', आणि पोटासाठी 'मान्सानिया', म्हणजे कॅमोमाइलची फुलं. या शेवटच्यात एक गोम आहे. काकांचं पोट बिघडलं होतं म्हणून मी एका बारमध्ये ऐटीत 'मान्सानिया' मागितली. थंडगार, फिकट पिवळा पेला आला. काकांनी तो संपवला आणि पोट बरंच बरं आहे म्हणाले. सान्लुकारच्या किनाऱ्यावर होणाऱ्या एका कोरड्या वाइनचं नावही मान्सानियाच आहे, हे लेकीनं रात्री सांगितलं. तेव्हा फुलांचा काढा हवा असेल तर 'इन्फुसियोन दे मान्सानिया' असं पूर्ण म्हण. काकांना विचारलंस तर ते अर्धंच म्हणायला सांगतील.

बाहेर खरंच बरा चहा प्यायचा असेल तर 'तेतेरिया' शोध. ही मोरोक्कन वळणाची चहाघरं. ग्रानादात आल्बाइसिन वस्तीच्या पायथ्याशी काल्देरेरिया नुएव्हा नावाची चढाची गल्ली आहे, ती यांनीच भरली आहे, मालागातही आहेत. तिथला 'ते मोरुनो' म्हणजे हिरवा चहा, ताजा पुदिना आणि आपल्यालाही जास्त वाटेल इतकी साखर. यादीत 'ते पाकिस्तानी' दिसला तर जरूर घे. वेलची, दालचिनी, दूध, सगळं असतं. नाव काहीही असो, नातं आपल्या मसाला चहाशी आहे.

पण रोजचा चहा खोलीवरच कर. पूड इथूनच ने. दोघांना पंधरा दिवसांना पाव किलो पुरते, आणि तिच्यावर बंदी नाही. बंदी आहे ती दुधाच्या आणि मांसाच्या पदार्थांवर: युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला स्वतःच्या खाण्यापुरतेही ते नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, दुधाची पूड सगळं घरी ठेव. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, आलं यांनाही रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. आल्यासाठी जीव टाकू नकोस, कुठल्याही भाजीवाल्याकडे 'हेन्हिब्रे' मिळतं. वेलची मात्र ने. तिथल्या सुपरमार्केटातल्या इवल्याशा बाटलीची किंमत बघून हात आखडतो.

आता पाणी. पहिल्या मुक्कामात मी आठवडाभर चहापुडीला दोष दिला. चहाला रंग मळकट यायचा, वर तवंग धरायचा, कपाला कडी पडायची. दोष पाण्याचा होता. त्या सगळ्या किनाऱ्यावर नळाचं पाणी जड. त्यातल्या चुन्याचा आणि चहातल्या तुरट अंशाचा मिळून तो तवंग होतो. चहापुरतं बाटलीचं पाणी आण, पण तेही पाहून. बाटलीवर 'मिनेरालिसासियोन मुय देबिल' लिहिलेलं हवं, म्हणजे क्षार अगदी कमी. त्या शब्दांना कायद्याचा आधार आहे: पाणी आटवलं तर लिटरमागे 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त उरता कामा नये. 'रेसिदुओ सेको' या शब्दांपुढे तो आकडा छापलेला असतो. बेसोया नावाचं पाणी या बाबतीत उत्तम. आपली पूड त्यात जशी उतरते तशी ती पुण्याच्या नळालाही उतरत नाही.

दूध घेताना फळीवरचे खोके सोड. ते महिनोन्‌महिने टिकवलेलं दूध, त्याला शिजका वास असतो आणि तो चहात लपत नाही. फ्रिजच्या कपाटातलं 'लेचे फ्रेस्का एन्तेरा' घे: ताजं, सायीसकट. आणि गाळणी ने गं! भाड्याच्या घरात कॉफीची यंत्रं दोन-दोन असतात, गाळणी नसते. मी आठ दिवस काकांच्या नव्या रुमालातून चहा गाळला. शेगडी काचेची असते. चहाला तिथलंच दूध तापवायचं लांब दांड्याचं 'कासो' वापर, आपलं गोल बुडाचं पातेलं तिच्यावर तापत नाही.

आता तुझं सेंद्रिय. तिथे 'ऑर्गॅनिक' म्हणून विचारलंस तर लोक तोंडाकडे बघतील. शब्द आहे 'एकोलोहिको', थोडक्यात 'एको', कधी 'बियो'. हे शब्द कायद्यानं बांधलेले आहेत. 'नातुराल', 'आर्तेसानो', 'कासेरो' हे गोड शब्द तसे बांधलेले नाहीत, त्यांना भुलू नकोस. पाकिटावर हिरव्या चौकटीत पांढऱ्या चांदण्यांचं पान असतं. 2010 पासून युरोपात तयार होणाऱ्या पाकीटबंद सेंद्रिय मालावर ते सक्तीचं आहे. त्याच्याजवळ बारीक अक्षरांत तपासणी संस्थेचा क्रमांक असतो. सुरुवात ईएस-ईसीओ अशी असेल तर तपासणी स्पेनची, आणि शेवटी एएन असेल तर अंदालुसियाची, म्हणजे तुम्ही जिथे असाल तिथलीच. स्पेनमधली सर्वात जास्त सेंद्रिय जमीन याच प्रांतात आहे. खाली माल कुठे पिकला तेही छापतात. सेंद्रिय चहाच्या डब्यावर 'आग्रिकुल्तुरा नो ऊए' दिसेल, युरोपबाहेरची शेती. ते बघून डबा परत ठेवू नकोस. आसामचा चहा आणखी कुठला असणार?

अंड्यांचं तर फारच सोपं. प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो आणि त्याचा पहिला आकडा कोंबडीची हकीकत सांगतो. 0 म्हणजे सेंद्रिय, 1 म्हणजे मोकळ्यावर हिंडणारी, 2 म्हणजे बंद खुराड्यात पण सुटी, 3 म्हणजे पिंजऱ्यातली. खोक्यावरचं कुरणाचं चित्र बघायचं नाही, खोकं उघडून आकडा बघायचा.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की ठेव. ते पान फवारणीबद्दल आणि खताबद्दल सांगतं, चवीबद्दल नाही. नेर्हाच्या पूर्वेला आल्मेरियात 30 हजार हेक्टरच्या वर जमीन प्लास्टिकच्या छपराखाली आहे; विमानातून पांढरा समुद्र दिसतो. तिथेही सेंद्रिय टोमॅटो होतात, पानाचे हक्कदार, कायद्याला धरून. उलट नेर्हामागच्या डोंगरातल्या एखाद्या म्हाताऱ्याकडे चार झाडांची अंजिरं असतात, औषधाचा थेंब न पडलेली, पण दाखला काढायचे पैसे त्याच्याकडे नाहीत. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं: डाळ, तांदूळ, तेल, अंडी पान बघून, फळं-भाजी माणूस आणि हंगाम बघून.

पाकीटबंद सामानाला 'एर्बोलारियो' म्हणून दुकानं असतात, काष्ठौषधीवाल्याच्या आणि डाएटच्या दुकानाच्या मधली. मोठ्या सुपरमार्केटांतही एकोची एखादी फळी असते आणि तिथे स्वस्त पडतं. 'लेन्तेखा रोखा' म्हणजे आपली मसूर डाळ. दही 'नातुराल', पण 'आसुकारादो' लिहिलेलं नको, त्यात साखर असते.

भाजीला मंडई. मालागाची आतारासानास मंडई बघायलाच जा: चौदाव्या शतकातल्या जहाजबांधणीच्या आवाराची मूरांची कमान दाराला तशीच ठेवली आहे आणि मागे 1879 मध्ये पुरा झालेला लोखंडी मांडव. सकाळी जा, दुपारी दोननंतर झाडलोट सुरू होते, रविवारी बंद. तिथे रांग दिसत नाही, पण असते. गेल्याबरोबर 'किएन एस एल उल्तिमो?' म्हणजे शेवटचं कोण, असं विचारायचं, कोणीतरी बोट वर करतं, त्याच्यानंतर तू. आणि हात लावायचा नाही! वांगं दाबून, भेंडी मोडून बघायची आपली सवय घरी ठेव. किती हवं, कधी खायचंय एवढं सांग, विक्रेता निवडून देतो आणि फसवत नाही. 'एस दे आकी?' विचार, इथलंच का? इथलं असेल तर तो गावाचं नाव सांगतो, नुसतं 'सी' म्हणत नाही. सेंद्रिय म्हणाला तर दाखला मागायला लाजू नकोस, 'सेर्तिफिकादो' म्हटलं की पुरे.

सप्टेंबरात तुझी चंगळ आहे. मोस्कातेल द्राक्षं असतात, आणि वरच्या गावांत ती उतरणीवर उन्हात घालून मनुका करतात. अंजिरं असतात. आणि आंबा! आक्सार्किया नावाच्या या पट्ट्यात आंबा सप्टेंबरात येतो, जांभळट सालीचा, 'ओस्तीन' जातीचा. हापूस नाही तो, आमरसाचा विचारही करू नकोस, पण रेषा नसतात आणि फोडी सुरेख होतात. ऑक्टोबरात 'चिरिमोया' सुरू होतो, सीताफळाचा सख्खा भाऊ, वरून रामफळासारखा. सप्टेंबरअखेरीस मंडईत नजर ठेव, एखादा लवकरचा हाती लागेल. 'उएव्हो दे तोरो' नावाचा दणदणीत टोमॅटो मात्र ऑगस्टचा. उरलासुरला मिळाला तर घे, नुसतं मीठ-तेल घालून खा, आणि नावाचा अर्थ जावयांसमोर विचारू नकोस.

बाहेर जेवताना 'मी मांस खात नाही' एवढ्यानं भागत नाही. तिथे हॅमला मांसात धरत नाहीत, मिश्र सॅलडवर टुना मासा असतो आणि सालमोरेखो या गार टोमॅटोच्या सारावर हॅमचे तुकडे भुरभुरतात. 'सिन खामोन, सिन आतुन' म्हणायचं. निर्धास्त खायचं ते आखोब्लान्को, बदाम-लसणाचं गार सार, वर द्राक्षं. आणि तळलेली वांगी 'मिएल दे कान्या' घालून. ती मिएल म्हणजे चक्क काकवी! अरबांनी या किनाऱ्यावर ऊस आणला, त्याची ही उरलेली खूण. नेर्हापासून सहा किलोमीटरवर फ्रिहिलियाना गावात 16व्या शतकातल्या वाड्यात तिचा कारखाना आहे.

जावई मासे खातात ना? मग त्यांना पुळणीवरच्या होडीत विस्तवाशी खोचलेले तारलीचे 'एस्पेतो' खाऊ देत. समुद्रातून धरलेल्या माशाला युरोपात सेंद्रिय म्हणताच येत नाही, पान लागतं ते फक्त पाळलेल्या माशांना. तेव्हा त्यांच्यापुढे सेंद्रियचा धोशा लावू नकोस.

दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, रविवारी बहुतेक बंद. शनिवारी सकाळीच दूध आणून ठेव.

आणि येताना मला फ्रिहिलियानाच्या काकवीची एक बाटली आण. काचेची असते, टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाक; हातातल्या सामानात विमानतळावर काढून घेतील.