पाणी गरम ठेवणारी टाकी

गच्चीवरचा सौर बंब तुम्ही पाहिला असेल. त्यातले पाणी दिवसा उन्हाने तापते. पण सकाळी ऊन येण्याआधीही ते गरमच निघते. असे का? गुरुजी म्हणाले, टाकीच्या दोन पत्र्यांमध्ये फेसासारखा हलका थर असतो. तीच तिची गोधडी. आम्ही तशी टाकी करून पाहिली.

स्टीलचे सारखे तीन डबे घेतले. मायने प्रत्येकात 70 अंशाचे 2 लिटर पाणी ओतले. तिन्हींना झाकणे लावली. पहिला तसाच ठेवला. दुसऱ्याला फक्त बाजूने जुन्या गादीतला कापूस चार बोटे जाड बांधला. तिसऱ्याला खाली, वर, बाजूला सगळीकडे बांधला. 3 तासांनी तापमापक लावला.

पहिला डबा : 42 अंश
दुसरा डबा : 57 अंश
तिसरा डबा : 62 अंश

कापूस स्वतः उष्णता देत नाही. त्यात हवा अडकते आणि अडकलेल्या हवेतून उष्णता सावकाश जाते. कापूस भिजला तर हवेच्या जागी पाणी येते, मग उपयोग नाही.

1 लिटर पाणी 1 अंश तापवायला 1 किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणून पहिल्या डब्याने 2 × 28 = 56 किलोकॅलरी घालवल्या, तिसऱ्याने 2 × 8 = 16 च.

माय पहाटे पाणी तापवून कापूस वेचायला जाते. धाकट्या भावाच्या आंघोळीसाठी आजी पुन्हा पऱ्हाट्या पेटवायची. आता चूल एकदाच पेटते. तुम्हीही करून पाहा, पण गरम पाणी मोठ्यांनाच ओतू द्या.