आधी बेट राख

द्वारका, नाशिक

चि. निनाद यास,


परवा तुझं नवं काम पाहून मन भरून आलं. खाली द्वारका चौकात गाड्यांचा गलबला, आणि वर तुझ्या खोलीत तासलेल्या बांबूचा वास. गेरू दिलेल्या बांबूच्या दिव्यांवर पांढऱ्या रेषांची वारली माणसं फेर धरून नाचत होती. निघताना तू म्हणालास, "आत्या, धंदा बसला की नफ्यातला काही भाग कारागिरांच्या पाड्यावर खर्च करणार, झाडं लावणार." तुझी नियत चांगली आहे, बाळा, पण क्रम चुकतो आहे. म्हणून हे पत्र.

नफा झाल्यावर द्यायचं ते दान. ते देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, आणि नफा झाला नाही तर राहूनही जातं. दिव्याची किंमत ठरवतानाच कारागिराची पुरती मजुरी आणि बांबूच्या बेटाची निगा तीत धरलीस, तर ते त्यांच्या हक्काचं होतं. मला तुझ्याकडून दान नको, चोख हिशेब हवा.

बांबूचं गणित आधी समजून घे. एका बेटात यंदाचे कोंब, गेल्या सालचे कोवळे आणि तीन वर्षांचे पक्के बांबू एकत्र नांदतात. तोडायचे ते पक्केच, आणि त्यांतलेही काही राखायचे. पावसाळ्यात कोंब फुटत असताना बेटात कोयता नेऊ नये. तेव्हा तोडलेल्या बांबूला कीडही लवकर लागते. तोडीचा खरा हंगाम हिवाळा. नेमकं त्याच सुमारास, दिवाळीनंतर, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. म्हणून वर्षाचा माल हिवाळ्यातच ठरव आणि पैसे तेव्हाच रोख मोज. त्यातून एखादं जरी घर गावात राहिलं, त्या घरातलं पोर शाळेत टिकलं, तर बेट आणि माणूस दोन्ही एकाच व्यवहारात राखलेस. घाईची ऑर्डर आली म्हणून आषाढात बांबू मागशील, तर दोघांचंही नुकसान करशील.

बांबू कोणाच्या मालकीचा, हेही विचारत जा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे, आणि परवाना पुस्तक वनखात्याकडे होतं. हक्क कागदावर होता, पण बांबू विकता येत नव्हता. २०११ मध्ये ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठे गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागलं. जिथे ग्रामसभेला असा हक्क आहे तिथे तिच्याकडूनच माल घे, दलालाकडून चार पैसे स्वस्त मिळाला तरीही.

मेळघाटातल्या लवाद्याला एकदा जाऊन ये. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी तिथे संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं आणि कोरकू तरुणांच्या हातात बांबूकाम दिलं. शिकवायला जाऊ नकोस, शिकायला जा.

आता चित्र काढणारीच्या नावाचं. वारली लग्नातलं चौकाचं चित्र पिढ्यान् पिढ्या सवाशिणींनी काढलं. पुढे ही कला कागदावर आली, जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये या चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी बाजारात विकल्या जाणाऱ्या कितीतरी वस्तूंवर काढणारीचं नाव नसतं. मी स्वतः तरुणपणी एका पाड्यावरच्या चौकाची नक्कल करून भेटकार्डं विकली. ज्या बायांनी तो काढला होता, त्यांची नावंही विचारली नाहीत. ते देणं आजही माझ्या डोक्यावर आहे. तुझ्या प्रत्येक दिव्यावर काढणारीचं नाव आणि गाव असू दे, आणि तिची रेषा पुन्हा छापलीस तर पुन्हा पैसे दे.

आणखी एक. रंगाचं आणि व्हार्निशचं पाणी मोरीत ओतू नकोस. तुझ्या खोलीपासून थोड्या अंतरावर नासर्डी नदी वाहते, आणि ती टाकळीजवळ गोदावरीला मिळते.

२०२७ च्या सिंहस्थासाठी तुला मोठ्या मागण्या येतील. हजारो वस्तू, महिनाभरात, पडत्या भावात. तेव्हा बेट किती देऊ शकतं आणि हात किती करू शकतात, एवढंच बघ. त्यापलीकडच्या मागणीला नाही म्हण. धंदा लहान राहिला तरी चालेल.

पुढच्या महिन्यात येईन तेव्हा हिशेबाची वही माझ्यासमोर ठेव. पहिल्या ओळीत बेटाची निगा, दुसऱ्या ओळीत कारागिराची मजुरी, आणि तुझा नफा शेवटच्या ओळीत.

तुझी,
आत्या