मसाला पुन्हा निघाला, आता टिकेल?

प्रश्न : दाढेत भरलेला पांढरा मसाला वर्षभरात निघाला. पुन्हा घाट उतरून परतवाड्याला जायचं, तर या वेळी तो टिकेल का?
– एक वाचक, धारणी

उत्तर : मसाला बहुधा चांगलाच असतो, दगा देतो तो त्याखालचा चिकट थर. हा थर राळेचा असतो. दाताचं कवच फॉस्फोरिक आम्लाने खरखरीत केलं की राळ घट्ट धरते, हे दंतवैद्य बुओनोकोर यांनी 1955 साली दाखवलं. पंचाईत आहे ती कवचाच्या आतल्या थराची, डेंटिनची. आम्लाने तिथले कोलॅजेनचे धागे उघडे पडतात. हवा मारून ते पार सुकवले तर चपटे होतात आणि राळ आत मुरत नाही. उघडे राहिलेले धागे मग दातातलीच विकरं कुरतडतात. काही डॉक्टर त्यावर 2 टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावतात. त्याचा उपयोग होतो, पण कायमचा नाही.

माझा भर रबर डॅमवर, म्हणजे दाताभोवती ताणायच्या रबरी पडद्यावर. राळ लावताना थुंकीचा थेंबही नको, म्हणून डॉक्टरांना तो लावायला सांगा. कीड हिरडीपर्यंत गेली असेल तर ग्लास आयनोमर या मसाल्याबद्दल विचारा. ते दातातल्या कॅल्शियमशीच जोडलं जातं आणि ओल जरा सोसतं.

खर्रा खाता का, ते लिहिलं नाही तुम्ही. खर्ऱ्यातला सुपारीचा खडा दाढेखाली रगडला तर कुठलाही मसाला तडकतो.