चालतेय, कमी खातेय, तरी काटा हलत नाही



विहारात आरोग्य तपासणी असली की रक्तदाबाच्या रांगेतून हटकून एक प्रश्न येतो. "सिस्टर, चार महिने झाले रोज चालतेय. रात्रीचा भात सोडला, चहातली साखर सोडली. तरी वजन आहे तिथंच. माझ्या अंगालाच काही झालंय का?" विचारणारी बाई खोटे बोलत नसते. ती खरोखर चालत असते आणि मन मारून खात असते. घरात मात्र तिला ऐकावे लागते, "चोरून खात असशील." या बोलण्याने कित्येक जणी चालणे सोडून देतात. काही जणी दोन हजार रुपयांची पावडर घेऊन येतात. म्हणून या वेळचा पाठ याच प्रश्नावर.

आधी मोजणे शिकून घेऊ. वजनकाट्यावरून आपल्याला फक्त वजन कळते. ते चरबीचे की स्नायूंचे की अंगातल्या पाण्याचे, हे कळत नाही. पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणीच चढते. काल पापड-लोणचे जास्त झाले तरी आज काटा वर जातो. त्यामुळे रोज काट्यावर उभे राहण्यात अर्थ नाही. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करावे. खरे मोजायचे ते पोट. शिंप्याकडची टेप घ्या, बेंबीच्या रेषेत गुंडाळा, श्वास सोडा आणि पोट आत न ओढता आकडा बघा. बाईच्या पोटाचा घेर ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर गेला असेल तर साखर आणि रक्तदाबाचा धोका वाढला असे समजावे. तीस वर्षांवरील माणसांचा फॉर्म भरायला येणारी आशाताईही हाच घेर विचारते. तिला टाळू नका.

उंचीप्रमाणे वजनाचाही हिशोब आहे. पाच फूट उंचीच्या भारतीय माणसाचे वजन ५३ किलोपर्यंत ठीक. ५८ च्या वर गेले तर त्याला लठ्ठपणा म्हणतात. गोऱ्या लोकांसाठी हे आकडे याहून मोठे आहेत. आपल्यासाठी ते कमी का ठेवले, हे समजून घेण्यासारखे आहे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे जन्मतः इंग्लंडच्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी असतात. हातापायांचे स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने कमी नाही. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी जास्त, असा हा बांधा. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टरमित्राचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रज डॉक्टरच्या अंगात चरबी सुमारे ९ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात सुमारे २१ टक्के! आईच्या पोटात असताना जे शरीर काटकसर शिकले, ते पुढे मिळालेले अन्न पोटाभोवती साठवून ठेवते, असे हे संशोधक सांगतात.

आता आपल्या घरांचा विचार करा. आपल्या आज्या १९७२ च्या दुष्काळात खडी फोडत होत्या, सुकडी खाऊन दिवस काढत होत्या. त्यांच्या लेकी अर्धपोटी गरोदर राहिल्या. त्यांची नातवंडे आज शहरातल्या वस्तीत रेशनचा तांदूळ-गहू, पाकिटातले तेल आणि पाच रुपयांच्या बिस्किटावर वाढत आहेत. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते. अंडी, डाळ, भाजी आपल्या खिशातून आणावी लागते, म्हणून ताटात पिठूळ जास्त आणि प्रथिने कमी. पोट सुटते आणि रक्तही कमीच राहते. एकाच बाईला लठ्ठपणा आणि पांढरटपणा दोन्ही असू शकतात, हे मी वस्तीत नेहमी बघते. तेव्हा वजन वाढलेल्या बाईला "खादाड" म्हणणाऱ्याने थोडा इतिहासही वाचावा.

पण इतिहास सांगून साखर उतरत नाही. हिशोब बघावाच लागेल.

साठ किलोची बाई अर्धा तास भरभर चालली तर साधारण शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात. दुधाचा, दोन चमचे साखरेचा एक मोठा कप चहा म्हणजे जवळपास तेवढ्याच. चार ग्लुकोज बिस्किटे म्हणजेही तेवढ्याच. एक वडापाव खाल्ला तर तासभर चाललेले गेले, वर थोडे उरलेच. म्हणजे चालणे निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. चालण्याने साखर आणि रक्तदाब उतरतो, गुडघ्यांना बळ येते, झोप लागते. मात्र वजन मुख्यतः ताटातून उतरते. नुसत्या चालण्यातून ते फार थोडे उतरते.

आणि आपल्या ताटातला मोठा आकडा भातात नसून तेलात असतो. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल तर माणशी सव्वा लिटर तेल झाले. माणशी अर्धा लिटर पुरते, फार तर पाऊण. भाजीवर तवंग दिसला पाहिजे ही सवय जिभेची आहे, ती दोन-तीन आठवड्यांत बदलते. डब्यातून सरळ कढईत ओतू नका, चमच्याने मोजून टाका. महिन्याचे तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवले तर आणखी चांगले.

"चांगले खाते" म्हणणाऱ्या बाईचे चांगले काय असते, हेही तपासावे. साखर सोडली आणि गूळ धरला. पण गूळ ही शेवटी साखरच. चपाती सोडून भाकरी धरली, हे उत्तम. पण थापलेली एक मोठी भाकरी पिठाच्या हिशोबाने दोन चपात्यांएवढी भरते. सकाळी मध-पाणी घेऊन पोट गळत नाही. खारी आणि टोस्ट हलके लागतात, तरी ते मैदा आणि तुपकटाचेच. शेंगदाणा चांगला, पण मूठभर शेंगदाण्यात दीडशेच्या वर कॅलरी असतात. भाजीत कूट, वर शेंगदाण्याची चटणी आणि चटणीवर तेल, असे तीनदा झाले की बघा.

आमच्या ओळखीच्या एका ताईंचे उदाहरण सांगते. वय त्रेचाळीस, उंची पाच फूट, वजन अडुसष्ट किलो, पोटाचा घेर ९६. चार घरची धुणीभांडी करतात. रोज पहाटे पाऊण तास चालायच्या. रात्रीचा भात बंद, घरात बिनसाखरेचा चहा. चार महिन्यांत एक किलो उतरले. मी त्यांना आठ दिवस वही लिहायला सांगितली. जे तोंडात गेले ते सगळे लिहायचे, कुठे खाल्ले आणि किती वाजता तेही लिहायचे. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्यायचे. वही आली तेव्हा दिसले की कामाच्या चारही घरी त्यांना चहा मिळायचा, दोन चमचे साखरेचा, सोबत दोन बिस्किटे. "नाही म्हटलं तर मालकीणबाईंना राग येतो." घरात सोडलेली साखर कामावर परत पोटात जात होती. आठवड्यातून दोन-तीनदा कालची उरलेली मिठाई हातात ठेवली जायची. रात्री दहाला सगळ्यांचे जेवण झाले की पातेल्यातले उरलेले त्या खायच्या, टाकवत नाही म्हणून. भुकेसाठी खाल्लेले असे त्यात थोडेच होते.

त्यांनी दोन घरी चहा बंदच केला आणि दोन घरी बिनसाखरेचा मागितला. "मला साखरेची भीती आहे, डॉक्टरांनी सांगितलंय," एवढे वाक्य पुरले. शिळी मिठाई घेणे थांबवले, ते तर मला वजनापेक्षाही बरे वाटले. स्वतःचे ताट सगळ्यांबरोबर आठला वाढून घेऊ लागल्या. आधी रक्त तपासले तर उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. म्हणजे मधुमेह झालेला नव्हता, पण दारात उभा होता. तीन महिन्यांत वजन अडीच किलो उतरले आणि पोट सहा सेंटीमीटर आत गेले. आता पुन्हा काटा थांबलाय, म्हणून त्या नाराज आहेत.

हे थांबणेही समजून घ्या. शरीर हलके झाले की त्याला लागणारे अन्नही कमी होते. शिवाय घटते आहे हे ओळखून ते भूक वाढवते आणि हालचाल मंदावते. आपल्याला कळतही नाही, पण चालून आल्यावर आपण दुपारी जास्त वेळ बसतो. काही आठवडे काटा थांबणे हा या वाटेचाच भाग आहे. आणखी उपाशी राहून तो हलत नाही, उलट स्नायू झिजतात. अशा वेळी ताटात प्रथिने वाढवावीत. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. मोड आलेली मटकी, घट्ट वरण, ताक, सोयाबीनच्या वड्या, धुऊन खारटपणा काढलेले सुकट-बोंबील, हे सगळे आपल्या खिशाला झेपण्यासारखे आहे. चालण्याला जोराचा व्यायाम जोडावा. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठ-बस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या उचलणे. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. कामावर आपण दिवसभर उभ्याच असतो, हे खरे. पण उभे राहण्याने थकवा येतो, स्नायूंची वाढ होत नाही.

झोपेचे काय? पाणी पहाटे चारला येते, घरातले रात्री बाराला झोपतात. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी गोड-तेलकट खावेसे वाटते, हे शास्त्राने सिद्ध आहे. पाणी भरायची पाळी घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही घ्यावी, याहून मोठे औषध माझ्याकडे नाही.

आता अंगात काही बिघाड आहे का, ते. थायरॉइड मंद असला तर वजन वाढते, पण सहसा दोन ते पाच किलो, आणि त्यातही बरेचसे पाणी. थकवा, थंडी सोसवत नाही, बद्धकोष्ठ, पाळी जास्त जाणे अशी लक्षणे असतील तर टी.एस.एच. तपासावे. गोळी लागू झाली तर सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी. पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर केस, मान काळवंडलेली अशी तरुण मुलगी असेल तर तिला पी.सी.ओ.एस. असू शकतो. तिला टोमणे मारण्याऐवजी दवाखान्यात न्यावे. वजनाचा पाच-दहा टक्के भाग उतरला तरी तिची पाळी सुधारू शकते.

औषधांनीही वजन वाढते. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन, मानसिक आजाराची व फिटची काही औषधे, दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन. यातले काहीही स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा. सगळ्यात घातक म्हणजे सांधेदुखीवरची बिननावाची पुडी किंवा काळ्या गोळ्या. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत गुडघा पळायला लागतो आणि महिन्याभरात तोंड गोल होऊन पोट सुटते. फार दिवस घेत असाल तर एकदम थांबवणेही धोक्याचे. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा.

पाय सुजून, धाप लागून आठवड्याभरात वजन भराभर वाढले तर ती चरबी नव्हे. हृदय किंवा मूत्रपिंड तपासावे, तेही लगेच. उलट काही न करता वजन उतरू लागले तर आनंद मानू नका. वस्तीत त्याची पहिली दोन कारणे म्हणजे टीबी आणि मधुमेह.

पावडरी आणि पोट बांधायचे पट्टे यांबद्दल थोडक्यात. पट्ट्याने घाम जातो, चरबी जात नाही. पावडर जेवणाऐवजी घेतली तर खाणे घटते म्हणून वजन उतरते आणि ती बंद केली की परत येते. तेवढ्या पैशांत महिन्याची अंडी येतात.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची एक गोष्ट आहे. तो भरपूर जेवून धापा टाकत तथागतांकडे येत असे. मोजून जेवणाऱ्याची व्यथा कमी होते, अशा अर्थाची गाथा बुद्धांनी सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि जेवताना रोज म्हणून दाखवायला सांगितले. राजाने भात एका दिवसात तोडला नाही, हळूहळू कमी करत नेला. आणि हे काम त्याने एकट्याने केले नाही, ताटाजवळ एक माणूस बसवला. आपल्या घरातही असा एक सुदस्सन हवा, आठवण करून देणारा, टोमणा न मारणारा. बाई तेल मोजून टाकू लागली की "आज भाजीला चव नाही" म्हणणारे घर असेल तर ती एकटी किती दिवस टिकणार?

अडुसष्ट किलोच्या बाईने साडेतीन किलो उतरवले तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसू लागतो. म्हणून पहिले उद्दिष्ट तेवढेच ठेवा, सहा महिन्यांत. चाळिशीतल्या बाईला विशीतले वजन परत आणायची गरज नाही.

तपासणीला येताना आठ दिवसांची वही, घरातल्या तेलाचा महिन्याचा आकडा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणा. रक्त द्यायचे असेल तर रात्री दहानंतर पाण्याशिवाय काही घेऊ नका. चहासुद्धा नाही, बिनसाखरेचाही नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी सकाळचा डोस कधी घ्यायचा ते आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.